‘शीळ’ : वऱ्हाडात उगवलेले मराठी भावगीत

मराठी सुगम संगीताच्या इतिहासात ‘पहिले भावगीत’ म्हणून ज्या गीताचा उल्लेख वारंवार होतो, ते ‘रानारानात गेली बाई शीळ’ हे गीत १९३०च्या दशकाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रित झाले. गायक होते जी. एन. जोशी, कवी होते ना. घ. देशपांडे. जोशी यांचा जन्म खामगावचा, देशपांडे यांचा सिंदखेडराजाचा. दोघेही बुलडाणा जिल्ह्याचे सुपुत्र, दोघेही १९०९ साली जन्मलेले आणि दोघेही कायद्याचे पदवीधर. तबकडी निघाली तेव्हा दोघांचीही विशी नुकतीच उलटली होती. लोकप्रिय गीताच्या ध्वनिमुद्रिकेसाठी मुंबई-पुण्याकडे पाहण्याची आज सर्वांनाच सवय आहे. त्या प्रकाराचा आरंभ मात्र वऱ्हाडातल्या दोन तरुणांच्या नावावर नोंदलेला आहे, ही गोष्ट वाशीम-बुलडाणा पट्ट्यातील नव्या पिढीला फारशी ठाऊक नसते.

देशपांडे यांनी ज्या मेहकरात वकिली केली आणि आयुष्य काढले, ते गाव वाशीम जिल्ह्याच्या अगदी शेजारचे. मेहकर तालुका संपतो तेथे रिसोड तालुका सुरू होतो. मेहकराजवळून वाहणारी पैनगंगा पुढे रिसोडच्या शिवारात येते. ‘शीळ’ या गीतातले रान ते हेच, असे म्हणायला हरकत नाही.

तबकडी, तीन मिनिटे आणि मायक्रोफोन

भारतात गायनाचे ध्वनिमुद्रण १९०२च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. त्या पद्धतीत गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, पूर्ण ताकदीने गावे लागे. आवाजाच्या धक्क्याने सुई हले आणि मेणावर रेषा उमटे. हळुवार, कुजबुजता स्वर या यंत्राला ऐकूच येत नसे. त्यामुळे पहिल्या पंचवीस वर्षांत तबकडीवर यशस्वी ठरले ते दमदार, फेकीचे आवाज. मराठीत ते साहजिकच संगीत रंगभूमीवरचे होते.

१९२५पासून विजेवर चालणारे मुद्रण आले आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. या बदलाचे महत्त्व तांत्रिक होते त्याहून अधिक कलात्मक होते. आता गायक हजार प्रेक्षकांच्या मंडपासाठी नव्हे, तर खोलीत बसलेल्या एका श्रोत्यासाठी गाऊ शकत होता. शब्दावरचा हलका जोर, श्वास, थांबणे हे सारे तबकडीवर उतरू लागले. भावगीताला नेमकी याचीच गरज होती.

दुसरी मर्यादा वेळेची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. रंगभूमीवर अर्धा-अर्धा तास खुलवल्या जाणाऱ्या पदाला ही जागा अपुरी पडे. कडव्यांच्या छोट्या गीताला मात्र ती जणू मापून दिलेली होती.

येथे ‘अल्बम’ या शब्दाविषयीही सांगायला हवे. आज आठ-दहा गीतांच्या संचाला आपण अल्बम म्हणतो. त्या काळी एका तबकडीवर दोनच गीते असत, एका बाजूला एक. अनेक तबकड्या ठेवण्यासाठी जी पुठ्ठ्याची, पाने असलेली वही मिळे तिला अल्बम म्हणत; छायाचित्रांच्या वहीसारखेच ते नाव. म्हणून १९३०च्या दशकातील तरुण गायकाची ‘पहिली निर्मिती’ म्हणजे अल्बम नव्हे, तर एक तबकडी असे. त्या दोन बाजूंवर त्याचे भवितव्य ठरे.

भावगीतापूर्वी काय होते?

‘शीळ’पूर्वी मराठी तबकड्या नव्हत्या असे नाही. नाट्यपदे, अभंग, लावण्या, पोवाडे, रागदारी, विनोदी नकला असे पुष्कळ काही उपलब्ध होते. दुसरीकडे मराठी कविताही गायली जात होती. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाला गावोगावी श्रोते मिळवून दिले. यशवंत, गिरीश, माधव ज्यूलियन हे कवी स्वतः चालीवर कविता म्हणत. ग्वाल्हेरला राहणारे भा. रा. तांबे तर आपली कविता ‘गीत’ म्हणूनच लिहीत होते.

पण या दोन धारा वेगळ्या वाहत होत्या. तबकडीवर गाणारे बहुतेक रंगभूमीचे किंवा मैफलीचे. कविता म्हणणारे कवी, गायक नव्हेत. नाट्यपदात सूर पुढे आणि शब्द मागे. काव्यगायनात शब्द पुढे आणि सूर नावापुरता. भावगीताने या दोहोंच्या मधली जागा शोधली. कवितेचा भाव सर्वांत वर, चाल त्या भावाला धरून राहणारी, ताना-हरकती बेताच्या आणि वाद्यमेळ सोबतीपुरता. जी. एन. जोशी यांनी ‘शीळ’ला स्वतःच चाल लावली आणि स्वतःच गायली. त्यामुळे कवितेचा अर्थ, चाल आणि आवाज यांचा निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती राहिला. या गीताला ‘पहिले’ म्हटले जाते ते या अर्थाने. तबकडीवरचे पहिले मराठी गीत ते नव्हे. एका वेगळ्या गायनप्रकाराचे पहिले ठसठशीत रूप ते आहे.

गीतात आहे तरी काय?

गीत एका तरुणीच्या तोंडी आहे. प्रियकराने घातलेली शीळ रानभर घुमते आणि तिचे मन ठिकाणावर राहत नाही. ती त्याला लटके रागावते, वेळकाळाचे भान नसल्याचा दोष देते आणि बोलता बोलता स्वतःचीच ओढ उघड करते. ‘शीळ’ आणि ‘कुळशीळ’ या शब्दांच्या जवळिकीत त्या काळच्या मुलीची सारी कोंडी कवीने बांधून टाकली आहे: एका बाजूला रानातून येणारी हाक, दुसऱ्या बाजूला घराण्याचा आब.

भाषा बोलीच्या वळणाची आहे. नाट्यपदांतील संस्कृतप्रचुर प्रेमाला सरावलेल्या मध्यमवर्गीय श्रोत्याला हे नवे होते. अशा रचनांना त्या काळी ‘जानपद गीत’ म्हणत. मात्र देशपांडे यांच्या कवितेत खेडे हे केवळ नेपथ्य नसते. शब्दांची निवड अतिशय काटेकोर, लय घट्ट आणि भाव संयत असतो. म्हणूनच चाल लावताना गायकाला शब्द मोडावे लागले नाहीत.

दोन तरुण, दोन वाटा

गीत गाजले आणि त्यानंतर दोघांचे मार्ग अगदी वेगळ्या दिशांनी गेले.

ना. घ. देशपांडे (२१ ऑगस्ट १९०९ – १० मे २०००) मेहकर सोडून गेले नाहीत. प्रसिद्धीची त्यांना घाई नव्हती. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह प्रकाशित झाला तो १९५४ साली. म्हणजे ज्या कवितेने तो संग्रह ओळखला गेला ती कविता त्याआधी वीस वर्षे मराठी माणसाच्या कानांत होती. पुस्तकातून गाण्याकडे जाण्याचा नेहमीचा प्रवास येथे उलटा झाला. पुढे ‘अभिसार’ (१९६३) आणि ‘खूणगाठी’ (१९८५) हे संग्रह आले. ‘खूणगाठी’ला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘कंचनीचा महाल’ या मेहकरच्या वास्तूवर आणि तिच्याभोवतीच्या दंतकथेवरही त्यांनी कविता लिहिली. ‘नदीकिनारी’, ‘अंतरीच्या गूढ गर्भी’, ‘डाव मांडून भांडून मोडू नको’ अशा त्यांच्या अन्य रचनाही गीत होऊन लोकांपर्यंत पोहोचल्या.

जी. एन. जोशी (६ एप्रिल १९०९ – २२ सप्टेंबर १९९४) मुंबईला गेले. वकिली हा त्यांचा पेशा झाला नाही. गायक म्हणून त्यांनी अनेक भावगीते गायली. हुबळीच्या एका तरुण गायिकेसोबत त्यांनी गायलेली द्वंद्वगीतेही गाजली. तबकडीवर त्या गायिकेचे नाव ‘गांधारी’ असे छापले जाई. पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणून ख्यातकीर्त झालेल्या गंगूबाई हनगल त्या याच. १९३८ साली जोशी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या कंपनीच्या सेवेत रुजू झाले आणि नंतरची सुमारे तीन दशके त्यांनी इतरांचे आवाज मुद्रित करण्यात घालवली. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, भीमसेन जोशी अशा दिग्गजांच्या ध्वनिमुद्रणांशी त्यांचे नाव निगडित आहे. त्या अनुभवांवर त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक मराठीत लिहिले आणि ‘डाऊन मेलडी लेन’ हे इंग्रजीत.

त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात एक लक्षणीय गोष्ट घडली. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तेव्हाच्या तीन तरुण वादकांना घेऊन ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे निर्माते होते जी. एन. जोशी. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस संतूर, बासरी आणि गिटार यांतून सांगणारी ही रचना जगभर पोहोचली. अहिर भैरवने सुरू होऊन पहाडीने संपणारी ही खऱ्या अर्थाने एकसंध कल्पनेवर उभारलेली ‘अल्बम’ होती. रानातल्या शिळेपासून डोंगरातल्या बासरीपर्यंतचा हा पल्ला एकाच माणसाच्या आयुष्यात पार पडला.

त्याच सुमारास जगात

मायक्रोफोनने गायन बदलले ते केवळ आपल्याकडेच नव्हे. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी यांनी मृदू, जवळून बोलल्यासारखे गाणे लोकप्रिय केले. फ्रान्समध्ये झाँ साब्लाँ यांनी १९३६च्या सुमारास रंगमंचावर मायक्रोफोन आणला तेव्हा ‘आवाज नसलेला गायक’ अशा प्रकारची टीका त्यांच्या वाट्याला आली. पॅरिसच्या रस्त्यांवर गाणाऱ्या एदित पियाफ यांची पहिली तबकडी डिसेंबर १९३५मध्ये मुद्रित झाली तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस होते. तेथेही गीताचा नायक सामान्य माणूस होता, भाषा रस्त्यावरची होती आणि तीन मिनिटांत एक संपूर्ण कथा सांगितली जात होती. पॅरिसची गल्ली आणि मेहकरचे रान यांत काहीही साम्य नाही. पण नव्या यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या तरुण गायकांना दोन्हीकडे एकच गोष्ट उमगली. मोठ्याने गाण्यापेक्षा खरे गाणे आता अधिक दूर जाणार होते.

वत्सगुल्माचा वारसा

वाशीमच्या वाचकाला या साऱ्याची एक प्राचीन पार्श्वभूमीही सांगता येते. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. चौथ्या शतकात ही शाखा स्थापन करणारा राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. पण आनंदवर्धनासारख्या थोर काव्यशास्त्रकाराने त्याची दखल घेतली आहे. हालाच्या ‘गाथासप्तशती’तील काही गाथाही टीकाकारांनी सर्वसेनाच्या नावे नोंदविल्या आहेत. या परिसरातील काव्यशैलीला ‘वच्छोमी’ असे नाव होते; ते वत्सगुल्मावरूनच पडले. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्म नगरीत लावून दिला आहे.

सर्वसेन आणि ना. घ. देशपांडे यांच्यात सोळा शतकांचे अंतर आहे. त्यांना एकाच परंपरेत थेट ओवणे इतिहासाला धरून होणार नाही. तरी लोकांच्या बोलीत, एका लहान रचनेत, शेत-रान-नदीच्या साक्षीने प्रेम सांगावे ही प्राकृत गाथेची रीत आणि ‘शीळ’ची रीत यांतले नाते नजरेआड करता येत नाही.

‘शीळ’नंतरचे भावगीत

जोशी यांनी उघडलेल्या वाटेने अनेक जण आले. गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी भावगीत तबकडीतून काढून चौकात आणि गणेशोत्सवाच्या मंडपात नेले. त्यांनी गायलेल्या ‘गगनि उगवला सायंतारा’चे कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, हे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि भावगीताने महाकाव्य पेलले. पुढे मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांच्या ‘शुक्रतारा’ने एक संपूर्ण पिढी भारून टाकली. अमरावतीचे सुरेश भट, नागपूरचे ग्रेस, वऱ्हाडी बोलीचे विठ्ठल वाघ यांच्या कविताही गीत होऊनच घरोघर गेल्या. १९९०च्या दशकाअखेर मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’ने कॅसेट-सीडीच्या जमान्यात तरुणांना पुन्हा मराठी गीताकडे वळवले. वाद्यमेळ, तंत्र आणि पेहराव बदलले. पण ‘कविता आधी, चाल नंतर’ हा करार कायम राहिला.

नाव कोणाचे?

या इतिहासातला एक सल मात्र नोंदवायला हवा. जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक छापलेले असे. कवीचे नाव पुष्कळदा नसेच. परिणामी अनेक कविता ‘अमक्याचे गाणे’ म्हणूनच लोकांना माहीत झाल्या. मेहकरसारख्या गावात राहणाऱ्या, पुस्तक काढण्याची घाई नसलेल्या कवीच्या बाबतीत हे अधिक घडले. गाणे सर्वांना ठाऊक, कवी मोजक्यांना. आज आंतरजालावर गीते ऐकवणाऱ्या अनेक ठिकाणीही तेच चालू आहे. गायक आणि कंपनी यांची नावे असतात, कवीचा रकाना रिकामा. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात एखादे जुने भावगीत सादर करताना निवेदकाने कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे घेतली, तरी हे ऋण बरेच फिटेल.

कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक समजून घेण्याजोगा आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९३०च्या दशकातील तबकड्यांवरचा हक्क कधीच संपला आहे. कवितेचा हक्क मात्र कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. ना. घ. देशपांडे यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कवितांवरील हक्क त्यामुळे २०६० अखेरपर्यंत कायम आहे, तर जोशी यांच्या स्वररचनांवरील हक्क २०५४ अखेरपर्यंत. जुनी तबकडी ऐकवणे आणि तेच गीत नव्याने मुद्रित करून विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरात जुनी तबकडी असेल तर

वऱ्हाडातील अनेक जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अजूनही सापडतात. त्यांतली एखादी त्या ठिकाणी उरलेली शेवटची प्रतही असू शकते. त्यांच्या जतनासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

– या तबकड्यांत लाख असते. त्या काचेसारख्या ठिसूळ असतात. पडल्या की फुटतात.
– तबकड्या एकावर एक रचू नयेत. पुस्तकांप्रमाणे उभ्या, कागदी पाकिटात, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवाव्यात.
– स्पिरिटने कधीही पुसू नये. लाख त्यात विरघळते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढणे उत्तम.
– एल. पी. रेकॉर्डची बारीक सुई त्यांवर चालवू नये. ७८च्या रुंद खाचेसाठी वेगळी सुई मिळते.
– तबकडीच्या मधल्या कागदावरील मजकूर आणि क्रमांक यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. आवाज गेला तरी नोंद उरते.

दृष्टिक्षेपात

गीत : रानारानात गेली बाई शीळ
कवी : ना. घ. देशपांडे, मेहकर
संगीत व गायन : जी. एन. जोशी
काळ : १९३०च्या दशकाचा प्रारंभ
प्रकार : भावगीत, ७८ फेऱ्यांची तबकडी
कवितासंग्रह : ‘शीळ’, १९५४

कवी मेहकरात राहिला आणि गायक मुंबईत. दोघांची नावे मात्र एका गीताने कायमची जोडली. त्या गीताचा उच्चार होईल तेव्हा दोन्ही नावे सोबत घेतली जावीत आणि त्यांच्यासोबत पैनगंगेच्या काठचा हा मुलूखही आठवला जावा, एवढी अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.